कपाळावर लावलेलं कलम

माझी मावसबहीण, आमची ताई, कॉलेजात होती तेव्हा तिच्या भुवया पेन्सिलीने ओढलेल्या रेघेएवढ्या बारीक असायच्या. नव्वदच्या दशकाची सुरुवात, तेव्हाची टूमच ती. दर पंधरा दिवसांनी पार्लरमध्ये आयब्रो करून यायची. आता पन्नाशी ओलांडली, जाड भुवयांचे दिवस आले आणि हिच्या भुवयांची बाहेरची टोकं उगवायचं नाव घेत नाहीत. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "अरे, डोक्याचे केस काढून भुवईवर लावतात म्हणे. मग ते डोक्यावरच्यासारखे वाढतच राहतात का?"

वाढतच राहतात. भुवईच्या केशारोपणातली निम्मी डोकेदुखी या एका प्रश्नात आली.

डोक्याचा केस साधारण दोन ते सहा वर्षं सलग वाढतो, महिन्याला जवळपास 1 सेंटीमीटर. मग थांबतो, गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. भुवईच्या केसाचा वाढीचा काळ जेमतेम काही आठवड्यांचा, फार तर दोन-तीन महिन्यांचा, आणि वाढीचा वेगही निम्म्याच्या आसपास. कुठल्याही क्षणी भुवईतले बहुतेक केस वाढायचे थांबून नुसते बसलेले असतात. म्हणूनच आपण भुवया न कापताही त्या डोळ्यांवर येत नाहीत. केसाची लांबी कात्री ठरवत नाही, मुळातलं घड्याळ ठरवतं.

आणि मूळ उपटून दुसरीकडे लावलं, तर घड्याळही सोबत जातं. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइक यांनी 1950च्या दशकात कातडीचे छोटे गोल तुकडे इकडून तिकडे लावून पाहिले आणि 1959 साली निष्कर्ष छापला: केस जिथून आला तिथला स्वभाव पाळतो, जिथे लावला तिथला नाही. मागच्या बाजूचा केस टकलावर लावला तरी तो टकलाच्या केसासारखा झडत नाही. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. खुंट रायवळ आंब्याचा असला तरी त्यावर बांधलेल्या हापूसच्या काडीला हापूसच धरतो. ग्राफ्टला मराठीत कलम म्हणतात ते उगाच नाही. फक्त हापूसच्या बाबतीत हा गुण हवाहवासा आहे आणि भुवईच्या बाबतीत नकोसा. (खुंटाचा थोडा परिणाम होतो म्हणा. कोरियातल्या डॉक्टरांनी डोक्याचे केस पायावर लावून पाहिले, तिथे ते सावकाश वाढले. पण पायाचे केस झाले नाहीत.)

खरं तर ओरेनट्राइक यांच्याही आधी जपानमध्ये हे काम झालं होतं. शोजी ओकुदा यांनी 1939 साली भाजलेल्या रुग्णांच्या डोक्यावर, भुवयांवर आणि मिशांच्या जागी केसांची बारीक कलमं लावल्याचं लिहिलं. 1943 साली हाजिमे तामुरा यांनी तर एकेका केसाचं कलम वापरलं. पण लेख जपानीत, त्यात महायुद्ध. पाश्चात्त्य डॉक्टर पुढची कितीतरी वर्षं 4 मिलिमीटरचे कातडीचे गोल तुकडे लावत राहिले आणि माणसांची डोकी प्लास्टिकच्या बाहुलीसारखी दिसत राहिली.

आपल्याकडे नवी भुवई ही आधी हौसेची गोष्ट नव्हतीच. कुष्ठरोगात भुवया जातात, बहुधा बाहेरच्या टोकापासून. औषधाने रोग बरा झाला तरी भुवया परत येतीलच असं नाही, आणि भुवया नसलेला चेहरा गावात लांबूनही ओळखला जायचा. वेल्लोरला पॉल ब्रँड आणि मुंबईला नोशीर अँटिया हे शल्यविशारद अशा रुग्णांचे हात आणि चेहरे दुरुस्त करायचे, त्यात भुवईही यायची. एक पद्धत अशी होती: कानावरच्या भागातली केसाळ कातडीची पट्टी रक्तवाहिनीसकट सोडवायची आणि कपाळाच्या कातडीखालून बोगदा काढून भुवईच्या जागी आणायची. त्यातून येणारी भुवई दाट, झुबकेदार, जरा आडदांडच. पण ती घेऊन माणूस पुन्हा एसटीत बसू शकत होता. सौंदर्यशास्त्राची चर्चा करताना हे मला नेहमी आठवतं.

आता एकेका केसाच्या कलमाकडे येऊ. डोक्याचे केस एकेकटे उगवत नाहीत. भिंगातून पाहिलं तर ते एक, दोन, तीन, क्वचित चारच्या झुपक्यांत कातडीबाहेर येतात. टक्कल भरायचं तर हे झुपके वरदान. भुवईत मात्र केस बहुतांशी सुटे असतात, आणि समोरचा माणूस आपल्याशी बोलताना तिकडेच बघत असतो. दोन केसांचा एक झुपका चुकून लागला तरी ब्रशातून सुटलेल्या ताठ काडीसारखा तो दिसतो. म्हणून कलमं एक-केसीच हवीत. कानाच्या वर आणि मानेलगत मुळात एकेकटे आणि जरा नाजूक केस जास्त मिळतात, तिथून ते वेचायचे. तेवढ्याने भागलं नाही तर दोनचे झुपके फोडायचे.

हे फोडणं मी एकदा शेजारी बसून पाहिलंय. डोक्यामागून काढलेल्या कातडीच्या अरुंद पट्टीचे आधी काकडीच्या चकतीसारखे पातळ काप करतात, एका झुपक्याच्या जाडीचे. काप साधारण दहापट मोठा दाखवणाऱ्या दोन डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली येतो. ही शिस्त अमेरिकेत सॅन अँटोनियोचे बॉबी लिमर यांनी 1988पासून रूढ केली. खालून उजेड सोडला की पिवळसर चरबीत केस उभे दिसतात. कातडीत 4-5 मिलिमीटर रुतलेला प्रत्येक केस, खाली फुगीर, अगदी पातीचा कांदा. मेख अशी की दोन पाती वर चिकटून असल्या तरी खाली गड्डे एकमेकांपासून फाकलेले असतात. वरचा अंदाज घेऊन ब्लेड सरळ खाली नेलं की एक गड्डा कापलाच. त्या टेबलावरची मुलगी ब्लेड दाबत नव्हती. दोन केसांमधल्या फटीत ते नुसतं टेकवून, मुळाच्या तिरकसपणाने वळवत खाली नेत होती. चिमट्यात धरायची ती फक्त चरबी, गड्डा कधीच नाही. चिमटीचा दाब डोळ्यांना दिसत नाही, पण तो कळतो, आणि तोही काही महिन्यांनी, केस उगवला नाही की.

झुपका फोडून कलम सुटं झालं की केसाभोवतीची वरची कातडीची कॉलर कातरून टाकायची, नाहीतर भुवईत बारीक पुटकुळ्या राहतात. चरबीही बेताने छाटायची, कारण भोक अगदी लहान पाडायचं असतं. पण फार सोललं तर मूळ उघडं पडतं. आणि या सगळ्यात ते ओलं राहायला हवं. कलमाचा सगळ्यात मोठा शत्रू ब्लेड नव्हे, वाळणं. हवेत काही मिनिटं पडून राहिलं तरी पेशी मरायला लागतात. म्हणून प्रत्येक तयार कलम लगेच गार सलाइनच्या बशीत, दहा-दहाच्या ओळीत. एका भुवईला साधारण दोनशे ते तीनशे लागतात. दोन्हींचा हिशेब तुम्हीच करा आणि त्या मुलीच्या मानेचाही विचार करा.

हल्ली पट्टी न कापता 0.8-0.9 मिलिमीटरच्या पोकळ सुईने एकेक झुपका थेट खुडून काढतात. टाके नाहीत, आडवा व्रण नाही. पण गड्डे कुठे फाकलेत ते आत दिसत नाही आणि निघालेलं कलम आधीच सडपातळ, उघडं असतं. दोन्ही पद्धतींचे भक्त आहेत, मी कोणाच्याच भजनाला बसत नाही.

भुवईसाठी काढलेला केस पूर्ण भादरत नाहीत, थोडा लांब ठेवतात, तो त्याचा बाक दिसावा म्हणून. भोकं कातडीशी जवळपास आडवी, 10 ते 15 अंशांत पाडतात. नाकाजवळचे केस वर बघतात, पुढे ते कानाकडे कलतात, वरच्या ओळी खाली आणि खालच्या ओळी वर झुकून मधल्या कण्यावर भेटतात. त्यात प्रत्येक केस असा बसवायचा की त्याच्या बाकाची आतली, खोलगट बाजू कातडीकडे राहील. उलटा बसला तर तो आयुष्यभर कपाळापासून फटकून उभा.

लावल्यावर दोन ते चार आठवड्यांत बहुतेक केस गळतात. इथे अनेकांचा धीर सुटतो. पण मूळ आत असतं. तीन-चार महिन्यांनी केस पुन्हा फुटतो आणि खरं रूप कळायला वर्ष जातं. मग सुरू होतं कातरणं, आठवड्या-पंधरवड्याला एकदा, कायमचं.

ताईला मात्र मी आधी वेगळंच विचारलं. केस कशाने गेले हे कोणी पाहिलंय का? वर्षानुवर्षं दोऱ्याने ओढून मुळं दमतात हे खरं, पण बाहेरचं टोक विरळ होणं थायरॉइडमध्येही दिसतं. चाईतही, म्हणजे केस चट्ट्याचट्ट्यांनी गळतात त्या आजारातही, भुवया जातात. भुवईच्या जागी बधिरपणा असेल तर आपल्या देशात कुष्ठरोग तपासायलाच हवा. आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये एक चिवट आजार आढळतो, ऑस्ट्रेलियाचे स्टीव्हन कोसार्ड यांनी 1994 साली वर्णन केलेला. त्यात कपाळावरची केसांची रेघ हळूहळू मागे सरकते, मुळांच्या जागी व्रण होतात, आणि कित्येकदा पहिल्यांदा भुवयाच विरळ होतात. तो धगधगता असताना कलमं लावली तर नवे पाहुणेही त्याच पंगतीत जातात. त्वचारोगतज्ज्ञ भिंगातून बघून, गरज पडली तर कणभर कातडी तपासून हे सांगू शकतो. हे काम सलूनच्या खुर्चीचं नाही. केशारोपण कोणी करावं याबद्दल नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 साली सूचना काढल्या, त्या कोण कुठे शिकून करतोय याच काळजीतून.

ताईने सगळं ऐकून घेतलं. थायरॉइडची तपासणी करून आली, त्वचेच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळही घेतली. मी पुन्हा बजावलं की लावलेस तर दर पंधरा दिवसांनी कात्री धरावी लागेल, मरेपर्यंत.

"त्यात काय," ती म्हणाली. "तीस वर्षं दर पंधरा दिवसांनी पार्लरला पैसे देऊन उपटून घेतेच आहे की."