पुण्याच्या ढोलाचे पान कसे बदलत गेले

आषाढ लागला की मुठेच्या पात्रालगत ढोल-ताशा पथकांच्या सरावाचे मांडव उभे राहतात आणि त्याच सुमारास जवळजवळ प्रत्येक पथकात एक जुना प्रश्न नव्याने निघतो: या वर्षी ढोलांना पाने, म्हणजे तोंडावर ताणून बसवायचे पडदे, कोणती बसवायची, चामड्याची की फायबरची (म्हणजे प्लास्टिकच्या पातळ फिल्मची), आणि फायबरची बसवली तर ती किती जाडीची? या निवडीच्या मुळाशी पाऊस आहे आणि ढोलाचे पान बदलण्याचा इतिहास याच अंगाने समजून घ्यावा लागतो, असे माझे मत आहे. गणेशोत्सव भाद्रपदात येतो, सराव त्याच्या दोन-दोन महिने आधी सुरू होतो, म्हणजे वर्षातले सर्वांत दमट दिवस आणि ढोलावर सर्वाधिक टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, पडण्याचे दिवस एकच असतात.

पूर्वी ढोल आणि ताशा ही दोन्ही वाद्ये चामड्याने मढवली जात. कातडे भिजवून त्यावरचे केस काढायचे, आतली बाजू खरवडून साफ करायची आणि ओले असतानाच ते कड्यावर गुंडाळून वाळवायचे, ही त्याची रीत. वाळताना कातडे आकसते आणि कड्याला घट्ट धरते. कण्यालगतचे कातडे जाड आणि पोटाकडचे पातळ असल्यामुळे कोणतीही दोन पाने अगदी सारखी बोलत नसत. महाराष्ट्रात कातड्याचे काम ढोर आणि चांभार समाजांनी केले, हलगीचा वारसा मातंग समाजाने जपला. मिरवणुकीच्या नादाचे कौतुक करताना या हातांचा उल्लेख अनेकदा राहून जातो आणि तो राहू नये असे मनापासून वाटते.

चामड्याची अडचण त्याच्या घडणीतच आहे. कातड्यातले तंतू हवेतला ओलावा शोषून घेतात, पान सैल पडते, ताण उतरतो आणि ताणाबरोबर स्वरही उतरतो. एका सायंकाळी भुरभुर पाऊस असताना सरावाला आलेला एक चामडी ढोल मी जवळून पाहिला आहे. दोघांनी दोरी ओढून धरली होती, तिसऱ्याने ढोलाच्या पिंपावर गुडघा रोवून एकेक पेड आवळला, टिपरू मारून पाहिले, तर उत्तर आले ते ओल्या गोणपाटावर थाप मारल्यासारखे. पुन्हा आवळले, पुन्हा तेच. हलगी किंवा ताशा असता तर पेंढा अथवा कागद पेटवून त्याच्या धगीवर पान शेकता आले असते. एवढ्या मोठ्या ढोलाच्या बाबतीत, तेही रांगेतल्या प्रत्येक ढोलासाठी, हा उपाय चालत नाही.

या अडचणीवरचा उपाय वाद्यांच्या कारखान्यात सापडला नाही, तो कापडाच्या संशोधनातून आला. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी आज कापडात वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टरचा शोध लावला. पुढे ड्यूपाँट कंपनीने याच पदार्थाची ताणून बळकट केलेली पातळ फिल्म ‘मायलार’ या नावाने बाजारात आणली. अमेरिकेतील ड्रमवादकांनाही वासराच्या कातड्याच्या पानांनी हाच त्रास दिला होता. 1950 च्या दशकात चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी या फिल्मची पाने विक्रीस आणली. 1957 मध्ये स्थापन झालेल्या रेमो कंपनीने आपल्या पानाला ‘वेदर किंग’ म्हणजे हवामानाचा राजा असे नाव दिले, यावरून दुखणे नेमके कोणते होते ते कळते.

पुण्यात या पानाला अनुकूल परिस्थिती वेगळ्या वाटेने तयार झाली. विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवायला आसपासच्या गावांतून पथके येत असत. 1962 मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने, संस्थापक आप्पा पेंडसे यांच्या पुढाकाराने, शाळकरी मुलांच्या हाती ढोल दिला आणि कालांतराने शहरी तरुण-तरुणींची पथके पेठापेठांतून निघाली. पथके मोठी होत गेली, नवशिके वादक दरवर्षी येऊ लागले, आणि मंडईपासून लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीजच्या चौकापर्यंतची मिरवणूक चोवीस तासांच्याही पुढे जाऊ लागली. पन्नास ढोल एकाच वेळी एकाच आवाजात उठायचे तर पन्नास पानांचा ताण सारखा हवा, आणि कातडे तो देऊ शकत नाही. फायबरचे पान बसवताच शेजारच्या ढोलाशी जुळते, सरीनंतर पुसून घेतले की पुन्हा वाजते.

किंमत मात्र नादाने मोजावी लागली. चामड्यात आतले घर्षण जास्त असल्यामुळे वरचे तीक्ष्ण स्वर लवकर विरतात आणि खालचा घुमारा उरतो. प्लास्टिकची फिल्म हलकी आणि एकसंध असल्याने हे वरचे स्वर रेंगाळतात, म्हणून ढोलाचा आवाज लांबवर पोचतो, पण कर्कश होतो. एकसारख्या जाडीच्या ताणलेल्या पडद्याचा पहिला उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारा वरचा स्वर, मूळ स्वराच्या सुमारे 1.59 पट असतो, म्हणजे तो दुप्पट, तिप्पट अशा सुरेल पटीत बसत नाही. तबला-मृदंगात मधोमध वजन देऊन हे उपस्वर सुरेल पटीत आणले जातात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. तबल्याची पुडी आजही कातड्याचीच राहिली, कारण शाई (मधला काळा भाग), लव (त्याभोवतीची मोकळी पट्टी) आणि चाट (काठाची पट्टी) यांचा हा नाजूक मेळ कारखान्यातल्या फिल्मवर साधणे अवघड आहे. ढोलाला तेवढा सूक्ष्म स्वर नको असतो, त्यामुळे तिथे तडजोड सोपी झाली.

टिकाऊपणाचा हिशेबही समजतो तितका सरळ नाही. फायबरचे पान ओलाव्याने सैल पडत नाही, पण टिपरू ज्या जागी सतत पडते तिथे फिल्म कायमची ताणली जाऊन खळगा पडतो आणि तो कितीही आवळले तरी भरून येत नाही. पाश्चात्त्य ड्रममध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे एकपदरी पान रूढ आहे. दुपदरी पान जास्त मार सोसते, मात्र आवाज आखडतो. थापीच्या बाजूला हाताने वाजवायचे असल्यामुळे तिथे जाड, ताठ पान बसवले की बोटे सोलतात. मिरवणुकीच्या सकाळी वादक बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळताना दिसतात ते यासाठीच. म्हणून टिपराच्या बाजूला जाड पान आणि थापीला त्याहून मऊ पान, अशी जोडी मला अधिक योग्य वाटते, आणि पान घेताना ते उजेडात धरून कडेलगत चुणी किंवा बारीक चीर नाही ना हे पाहिले पाहिजे, कारण फाटण्याची सुरुवात बहुधा कड्याच्या काठापासून होते.