विदर्भातील विधानसभा निकाल, २०२४ (जिल्हावार)

महाराष्ट्राच्या पंधराव्या विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी एकाच टप्प्यात मतदान झाले आणि २३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली. राज्यातील २८८ जागांपैकी ६२ जागा विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत आहेत. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत ३० आणि नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत ३२ अशी त्यांची वाटणी आहे. क्रमांकाने पाहिले तर मलकापूर (२१) पासून उमरखेड (८२) पर्यंतचा हा सलग पट्टा होतो. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी विदर्भातून ६६ आमदार निवडून जात; लोकसंख्येचा भार मुंबई-पुण्याकडे सरकला तशा चार जागा घटल्या. सध्याच्या ६२ पैकी १० अनुसूचित जातींसाठी आणि ७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

भारतीय जनता पक्षाला ३८, काँग्रेसला ९, अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसला ६, शिंदे यांच्या शिवसेनेला ४ आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला ४ जागा मिळाल्या. उरलेल्या एका जागेवर, बडनेऱ्यात, युवा स्वाभिमान पक्षाचे रवी राणा निवडून आले. शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला विदर्भात एकही जागा मिळाली नाही. भाजपने २०१४ मध्ये येथे ४४ आणि २०१९ मध्ये २९ जागा जिंकल्या होत्या. म्हणजे २०२४ चा आकडा पहिल्या लाटेपेक्षा कमी, पण २०१९ च्या पडझडीपेक्षा बराच वर आहे. काँग्रेस मात्र १५ वरून ९ वर आली.

जिल्ह्याचा आकडा कशासाठी

विधानसभेचा मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून विधानसभेचा निकाल जिल्हावार मांडता येतो. लोकसभेचे तसे नाही. मोर्शी आणि धामणगाव रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातले मतदारसंघ वर्धा लोकसभेत मोडतात, वणी आणि आर्णी यवतमाळ जिल्ह्यात असून चंद्रपूर लोकसभेत, रिसोड वाशीम जिल्ह्यात असून अकोला लोकसभेत, आणि उमरखेड तर थेट हिंगोलीत. मलकापूरकरांचा खासदार खानदेशातल्या रावेरचा असतो. त्यामुळे ‘जिल्ह्याने लोकसभेत एकाला आणि विधानसभेत दुसऱ्याला दिले’ अशी विधाने वर्तमानपत्रांत सर्रास दिसली तरी ती तपासूनच घ्यावी लागतात.

तरीही फरक ठळक होता यात शंका नाही. जून २०२४ च्या लोकसभा निकालात विदर्भातील दहापैकी सात जागा महाविकास आघाडीकडे (काँग्रेस, ठाकरे गट, शरद पवार गट) गेल्या होत्या. भाजपकडे नागपूर आणि अकोला, शिंदेसेनेकडे बुलढाणा एवढेच उरले होते. त्यानंतर साडेपाच महिन्यांत महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी (भाजप, शिंदेसेना, अजित पवार गट) मिळून ६२ पैकी ४८ जागा घेतल्या. वर्ध्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते. लोकसभेत तेथून शरद पवार गटाचे अमर काळे निवडून आले. विधानसभेत आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा या जिल्ह्यातील चारही जागा भाजपने जिंकल्या. आर्वीत खुद्द खासदारांच्या पत्नी मयुरा काळे यांचा सुमित वानखेडे यांनी पराभव केला, तर देवळीत काँग्रेसचे पाच वेळचे आमदार रणजित कांबळे पडले. जिल्ह्यातील सर्व जागा एकाच पक्षाने घेतल्याचे विदर्भातील हे एकमेव उदाहरण.

वऱ्हाड

बुलढाणा, अकोला आणि वाशीम या तीन जिल्ह्यांत प्रामुख्याने सोयाबीन आणि पऱ्हाटी (कपाशी). २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजार समितीत माल त्याहून बराच खाली जात होता. प्रचारात महायुतीने ६,००० आणि काँग्रेसने ७,००० रुपये भावाचे आश्वासन दिले. कास्तकाराचा राग मतपेटीत उतरेल असा बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात या तीन जिल्ह्यांतील १५ पैकी ९ जागा भाजपला आणि एकूण ११ महायुतीला मिळाल्या. सोयाबीनच्या भावाने निकाल ठरला असता तर तो सर्वांत आधी याच पट्ट्यात दिसायला हवा होता. राग नव्हता असे म्हणता येत नाही. तो एका दिशेने वळला नाही, एवढे मात्र दिसते.

ठाकरे यांच्या शिवसेनेचे विदर्भातले चारही आमदार अमरावती विभागातले आहेत: मेहकर (सिद्धार्थ खरात), बाळापूर (नितीन देशमुख), दर्यापूर (गजानन लवटे) आणि वणी (संजय देरकर). मेहकरमध्ये शिंदेसेनेचे तीन वेळचे आमदार संजय रायमुलकर पडले. बुलढाण्यात शिंदेसेनेचे संजय गायकवाड ठाकरे गटाच्या जयश्री शेळके यांच्यावर अवघ्या ८४१ मतांनी निवडून आले. सिंदखेड राजात महायुतीचेच दोन पक्ष आमनेसामने होते. तरीही तेथे अजित पवार गटाचे मनोज कायंदे यांनी शरद पवार गटाचे राजेंद्र शिंगणे यांना हरवले. अकोला पश्चिम १९९५ पासून भाजपचे गोवर्धन शर्मा यांच्याकडे होते. त्यांच्या निधनानंतरच्या या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचे साजिद खान पठाण विजयी झाले.

अमरावती जिल्ह्यात आठ जागा आणि सर्वांत जास्त उलथापालथ. अचलपूरमध्ये सलग चार वेळा निवडून आलेले बच्चू कडू भाजपच्या प्रवीण तायडे यांच्याकडून हरले आणि तिवस्यात काँग्रेसच्या यशोमती ठाकूर राजेश वानखडे यांच्याकडून. मोर्शीत भाजप आणि अजित पवार गट यांच्यात ‘मैत्रीपूर्ण लढत’ झाली आणि ती भाजपने जिंकली. दर्यापुरात याच्या उलट झाले. शिंदेसेनेचे अभिजित अडसूळ आणि युवा स्वाभिमानचे रमेश बुंदिले यांनी एकाच बाजूची मते वाटून घेतली आणि जागा ठाकरे गटाला गेली. युती-आघाडीच्या बेरजेचे तक्ते पाहताना हे दोन मतदारसंघ ध्यानात ठेवावेत.

यवतमाळच्या सात जागा पाच पक्षांत वाटल्या गेल्या: भाजप तीन, आणि काँग्रेस, शिंदेसेना, अजित पवार गट व ठाकरे गट प्रत्येकी एक. दिग्रसमध्ये संजय राठोड यांनी काँग्रेसचे माणिकराव ठाकरे यांना हरवले. पुसद नाईक घराण्याकडेच राहिले. वसंतराव आणि सुधाकरराव हे दोन मुख्यमंत्री याच तालुक्यातले.

नागपूर आणि झाडीपट्टी

नागपूर जिल्ह्यातील बारा जागांपैकी सहा शहरात आणि सहा ग्रामीण भागात आहेत. शहराच्या निकालाची चर्चा राज्यभर होते, म्हणून येथे ग्रामीण सहाच पाहू. काटोल, सावनेर, हिंगणा आणि कामठी भाजपकडे, रामटेक शिंदेसेनेकडे, उमरेड काँग्रेसकडे. काटोल अनिल देशमुखांचे आणि सावनेर सुनील केदारांचे. दोघेही स्वतः रिंगणात नव्हते. काटोलला देशमुखांचा मुलगा सलील आणि सावनेरला केदारांच्या पत्नी अनुजा उभ्या होत्या. दोघेही हरले. रामटेकमध्ये काँग्रेसचे बंडखोर राजेंद्र मुळक दुसऱ्या क्रमांकावर राहिले.

भंडारा जिल्ह्यात भाजपला एकही जागा नाही: तुमसर अजित पवार गटाकडे, भंडारा शिंदेसेनेकडे, साकोली काँग्रेसकडे. साकोलीत तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले भाजपच्या अविनाश ब्राह्मणकर यांच्यावर २०८ मतांनी निवडून आले. राज्यात यापेक्षा कमी फरक फक्त मालेगाव मध्यमध्ये होता. शेजारच्या गोंदियात भाजपला तीन आणि अजित पवार गटाला एक. ती एक जागा म्हणजे अर्जुनी मोरगाव, जिथे भाजपचे माजी मंत्री राजकुमार बडोले निवडणुकीच्या तोंडावर घड्याळ हाती घेऊन उभे राहिले. मतदार तेच, उमेदवारही ओळखीचा, चिन्ह तेवढे वेगळे.

चंद्रपुरात सहापैकी पाच भाजपकडे आणि ब्रह्मपुरी काँग्रेसच्या विजय वडेट्टीवार यांच्याकडे. राजुऱ्याचा निकाल नंतर मतदारयादीतील नावनोंदणीच्या आक्षेपांमुळे राष्ट्रीय वादात आला. गडचिरोलीचे तिन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असून सुरक्षेच्या कारणाने तेथे मतदान दुपारी ३ वाजताच संपते. आरमोरी काँग्रेसला, गडचिरोली भाजपला आणि अहेरी अजित पवार गटाच्या धर्मरावबाबा आत्राम यांना मिळाली. अहेरीत बाबांच्या विरोधात त्यांची कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रिशराव दोघेही होते. एकाच राजघराण्यातल्या या तिरंगी लढतीला महायुती-आघाडीच्या चौकटीत बसवणे अवघडच.

मोजणी आणि ‘लीड’

प्रत्येक मतदारसंघाची मोजणी स्वतंत्र होते. सकाळी ८ वाजता टपाली मते, मग यंत्रे. केंद्रांच्या क्रमाने टेबलांवर यंत्रे लागतात, त्यामुळे फेरीचा आकडा येताच बाहेर उभ्या कार्यकर्त्यांना कोणत्या भागाच्या ‘पेट्या’ फुटल्या ते कळते. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने दिलेली नमुना १७-क ची प्रत पोलिंग एजंटकडे असते. केंद्रावर एकूण किती मते पडली ते तिच्यात असते आणि मोजणी प्रतिनिधी यंत्रावरच्या बेरजेशी ते ताडून पाहतो. गावात जिल्ह्याचा आकडा कोणी विचारत नाही. आपल्या गावाने कोणाला किती लीड दिली, शेजारच्या गावाने ती कुठे खाल्ली, हाच संध्याकाळचा विषय. पुढची जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत याच आकड्यांवर मांडली जाते. साकोलीसारख्या ठिकाणी एका मतदान केंद्राने कूस बदलली असती तरी आमदार बदलला असता.

कारणांविषयी

जुलै २०२४ पासून सुरू झालेली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना (दरमहा १,५०० रुपये) हे सर्वाधिक सांगितले जाणारे कारण आहे. नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते दिवाळीपूर्वीच खात्यात आले होते, आणि वेचणीला जाणाऱ्या बाईच्या हाती रोख रक्कम येणे ही ग्रामीण विदर्भात लहान गोष्ट नाही. पण योजना सर्व जिल्ह्यांत सारखीच होती. वर्ध्यात चारपैकी चार आणि भंडाऱ्यात शून्य हा भाजपचा फरक तिच्याने उलगडत नाही. तो जागावाटप, बंडखोरी आणि उमेदवाराच्या जातीय-स्थानिक बळाकडे नेतो. लोकसभेत दलित, मुस्लिम आणि कुणबी मते आघाडीमागे एकवटल्याचे मानले गेले होते. विधानसभेत मतदारसंघ लहान झाला, प्रत्येक समाजाचे दोन-तीन उमेदवार उभे राहिले आणि ती मोट सुटली.

निकालानंतर

५ डिसेंबर २०२४ रोजी देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले; मंत्रिमंडळाचा विस्तार १५ डिसेंबरला नागपुरातच झाला. मंत्रिपदे जागांच्या प्रमाणात आली नाहीत. मिश्र निकालाच्या यवतमाळला तीन मिळाली (संजय राठोड, अशोक उईके, इंद्रनील नाईक), नागपूरला मुख्यमंत्र्यांसह तीन, बुलढाणा आणि वर्ध्याला एकेक. सहापैकी पाच जागा देणाऱ्या चंद्रपूरला एकही नाही. सुधीर मुनगंटीवार आणि अहेरीचे आत्राम दोघेही मंत्रिमंडळाबाहेर राहिले. अकोला, वाशीम, अमरावती, भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली यांच्याही वाट्याला मंत्रिपद आले नाही, त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये तेथे बाहेरचे पालकमंत्री नेमावे लागले. गडचिरोली मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवली, अमरावती चंद्रशेखर बावनकुळे यांच्याकडे, अकोला आकाश फुंडकर यांच्याकडे आणि चंद्रपूर अशोक उईके यांच्याकडे गेले.