उत्सर्जकता समायोजन

थर्मल कॅमेऱ्याने तापमान मोजण्यापूर्वी पृष्ठभागाची उत्सर्जकता निश्चित करून ते मूल्य कॅमेऱ्यात भरण्याची क्रिया. पृष्ठभागाचे प्रारण (त्याने उत्सर्जित केलेली ऊर्जा) व त्याच तापमानाच्या कृष्ण पदार्थाचे (पडणारे सर्व प्रारण शोषणाऱ्या आदर्श पदार्थाचे) प्रारण यांचे गुणोत्तर म्हणजे उत्सर्जकता.

एकाच तापमानाचे निरनिराळे पृष्ठभाग कमीअधिक उष्णता उत्सर्जित करतात, हे जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या घनाकृती पात्रावर दाखविले. चांगला शोषक तोच चांगला उत्सर्जक, हा नियम गुस्टाफ किर्खोफ यांच्या नावे रूढ असला, तरी त्याच्या अग्रक्रमाविषयी (तो प्रथम कोणी शोधला याविषयी) वाद आहे. बाल्फर स्ट्यूअर्ट यांनी १८५८ मध्ये सैंधवाच्या तबकड्यांवरील प्रयोगांतून जवळजवळ हाच निष्कर्ष काढला होता. किर्खोफ यांचे विवेचन १८५९-६० मधील असून त्यात प्रत्येक तरंगलांबीसाठी सर्वसाधारण सिद्धता आहे. म्हणून प्रायोगिक अग्रक्रम स्ट्यूअर्ट यांना व नियमाची मांडणी किर्खोफ यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

अपारदर्शक पृष्ठभागाची उत्सर्जकता ०.१ असेल, तर परावर्तकता ०.९ असते, कॅमेऱ्यात पोहोचणारे बरेचसे प्रारण भोवतालचेच असते. ८० अंश से. तापमानाची चकचकीत तांब्याची पट्टी (उत्सर्जकता ०.१), भोवताल ३० अंश व कॅमेऱ्यात ०.९५ हे मूल्य असल्यास वाचन सुमारे ३७ अंश येते. धोक्याइतकी तापलेली जोडणी अशी निर्धोक दिसते.

प्रथम परावर्तित तापमान, म्हणजे पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या भोवतालच्या प्रारणाचे तापमान, काढतात. चुरगाळून पुन्हा पसरलेला ॲल्युमिनियम फॉइल, चकचकीत बाजू वर ठेवून, पुठ्ठ्यावर लावून वस्तूच्या जागी धरतात; उत्सर्जकता १ व अंतर शून्य ठेवून येणारे सरासरी वाचन कॅमेऱ्यात भरतात. मग पृष्ठभागावर ज्ञात उत्सर्जकतेची विद्युत टेप (सुमारे ०.९५) हवेचे बुडबुडे न ठेवता चिकटवतात. वस्तू भोवतालापेक्षा निदान २० अंश गरम करून तापमान स्थिरावू देतात. ०.९५ ठेवून टेपचे वाचन घेतात. नंतर शेजारच्या उघड्या भागावर तेच वाचन येईपर्यंत मूल्य बदलतात. तीनदा करून सरासरी घ्यावी. विद्युत फलकात टेप पुरवठा बंद करूनच लावावी. विनाइल टेपला न सोसणाऱ्या तापमानाला मॅट उष्णतारोधी रंग वापरतात.

उत्सर्जकता ०.५ पेक्षा कमी असल्यास आकडा जुळवून भागत नाही. वरील पट्टीवर ०.१० ऐवजी ०.१२ भरल्यास वाचन सुमारे ७ अंशांनी घसरते. परावर्तित तापमान २ अंशांनी कमी भरल्यास ते सुमारे ११ अंशांनी चढते. ०.९५ च्या पृष्ठभागावर ०.०२ ची चूक एका अंशाहूनही कमी फरक पाडते. कमी उत्सर्जकतेच्या धातूंवर आकडा नव्हे, पृष्ठभागच बदलावा : टेप किंवा रंगाचा ठिपका कायमचा ठेवावा.

तक्त्यांतील मूल्ये तरंगलांबी, गंज व घासणी यांनुसार बदलतात, ७.५ ते १४ मायक्रोमीटर पट्ट्यातील कॅमेऱ्याला ३ ते ५ मायक्रोमीटरचे मूल्य लावू नये. अधातूंची उत्सर्जकता लंबापासून ६० अंशांपलीकडे झपाट्याने घटते. चकचकीत पृष्ठभाग अगदी समोरून पाहिल्यास निरीक्षकाचेच प्रतिबिंब पडते.