आत्ता किती कॉल चालू आहेत? सर्व्हरलाच विचारा

(आमच्याकडून टेलिफोन सर्व्हर बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

उन्हाळा लागला की नागपुरात कूलरवाल्यांचे फोन दिवसभर खणखणतात आणि आमच्याकडे ठरलेला प्रश्न येतो: "भाऊ, लाइनी आठच आहेत, मग स्क्रीनवर बारा कॉल काऊन दिसून राहिले?"

सर्व्हर चुकलेला नसतो. ती यादी कॉलची नाही, चॅनलची असते. बाहेरून आलेला फोन हे एक चॅनल, तो उचलणारे एक्स्टेंशन (दुकानातला आतला फोन) हे दुसरे. चार ग्राहक बोलत असतील तर आठ नोंदी. तेवढ्यात पाचवा फोन आला आणि काउंटरवरची तीन एक्स्टेंशन एकदम वाजू लागली, की आणखी चार. नोंदी बारा झाल्या, पण कॉल पाचच आणि तीन लाइनी मोकळ्या. म्हणून मोजायचे ते 'लिंक्ड-आयडी'ने. एकाच कॉलच्या सगळ्या नोंदींवर हा क्रमांक सारखा असतो.

ही यादी सर्व्हरवर चालणाऱ्या टेलिफोन सॉफ्टवेअरच्या, म्हणजे अ‍ॅस्टरिस्कच्या मॅनेजर इंटरफेसमधून (दुसऱ्या प्रोग्रामला सर्व्हरशी बोलायची वाट) मिळते. त्या वाटेच्या दाराचा क्रमांक, म्हणजे पोर्ट, 5038. तुमचा सॉफ्टवेअरवाला आधी लॉगिन पाठवेल, मग 'कोअर-शो-चॅनल्स' (चालू चॅनल दाखव) ही अ‍ॅक्शन. प्रत्येक संदेशानंतर एक रिकामी ओळ हवीच, नाहीतर सर्व्हर पुढच्या ओळीची वाट पाहत गप्प बसतो. उत्तरही एकदम येत नाही. पहिल्यांदा 'सक्सेस' येते, मग दर चॅनलमागे एक नोंद आणि शेवटी यादी संपल्याची खूण. बरेच प्रोग्राम 'सक्सेस' पाहूनच थांबतात आणि शून्य कॉल दाखवतात. अ‍ॅक्शन-आयडी (प्रश्नासोबत पाठवायची आपली खूण) दिला की कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हा गोंधळही राहत नाही.

आता धंद्याच्या कामाचे. नोंदीत 'अप' (फोन उचलला गेला) दिसले म्हणजे कुणी बोलतेच आहे असे नाही. "एक दाबा, दोन दाबा" ऐकणारा किंवा क्यूमध्ये (रांगेत) संगीत ऐकत बसलेला ग्राहकही 'अप'च असतो. अशा वेळी 'ब्रिज-आयडी' पाहा. तो भरलेला असेल तर सहसा दोन माणसे जोडली गेली आहेत. तो रिकामा आणि अ‍ॅप्लिकेशनमध्ये 'क्यू' असेल, तर तुमचा ग्राहक ताटकळत आहे. आमच्या मते मालकाने रोज पाहावा असा आकडा हाच, ताटकळणाऱ्यांचा. शेजारचा 'ड्युरेशन' रिंग वाजल्यापासूनचा वेळ धरतो, म्हणून त्यावरून बिल काढू नका. त्यासाठी सीडीआर (झालेल्या कॉलची नोंदवही) आहे.

यादी दर सेकंदाला मागवू नका, पाच-दहा सेकंदांनी पुरते.

आणि एक कळकळीची विनंती. 5038 पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. साध्या लॉगिनमध्ये पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जातो आणि 'ओरिजिनेट'ची (सर्व्हरकडून फोन लावण्याची) परवानगी असलेले खाते परक्याच्या हाती लागले, तर तुमच्या लाइनीवरून रातोरात परदेशी फोन लागू शकतात. यादी पाहणाऱ्या खात्याला फक्त 'रिपोर्टिंग'ची परवानगी द्या आणि ते एकाच कॉम्प्युटरच्या आयपीपुरते ठेवा. हे आम्ही बसवतानाच करून देतो. नंतर कुणी बदलले असेल तर कळवा.

आकडा जुळत नसेल तर त्या क्षणाचे पूर्ण उत्तर कॉपी करून पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, त्यात लिंक्ड-आयडीचे शेवटचे आकडे कापले जातात.