पेशींसाठी पाण्याची परांची

नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात कोळंबी सोलून झाली की जी टरफले उरतात, त्यांत कॅल्शियम कार्बोनेट आणि प्रथिनांबरोबर कायटिन नावाचे नैसर्गिक बहुवारिक (लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा पदार्थ) असते. आम्लाने चुना आणि अल्कलीने प्रथिने काढून टाकल्यावर उरलेले कायटिन तीव्र अल्कलीत तापवले की कायटोसॅन मिळते. त्याच्या धनभारित साखळ्यांना ऋणभारित तांबड्या रक्तपेशी चिकटतात, म्हणून रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांत ते वापरले जाते. मात्र जात आणि हंगाम बदलला की कच्च्या मालाचे गुणही बदलतात; रुग्णाच्या शरीरात घालायच्या पदार्थाबाबत ही अनिश्चितता मला सर्वांत गंभीर वाटते.

अशा साखळ्या एकमेकींना बांधल्या की पाणी धरून ठेवणारे जाळे, म्हणजेच हायड्रोजेल, तयार होते; पेशींना आधार देऊन नवी ऊती वाढवण्यासाठी ते परांचीसारखे वापरतात. तपकिरी समुद्रशैवालातल्या अल्जिनेट या बहुवारिकाच्या द्रावणाचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडला, तर तो पडताक्षणी गोठू लागतो आणि तळाशी पारदर्शक, मऊ मणी दिसतो. येथे उष्णता लागत नाही, तीव्र रसायनेही लागत नाहीत, त्यामुळे जिवंत पेशी आत कोंडता येतात.

पण कोंडलेल्या पेशीला धरायला काही तरी लागते, आणि अल्जिनेटमध्ये तशी जागाच नसते. शरीरात पेशींभोवती असणाऱ्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांत पेशी ज्या अमिनो आम्लांच्या छोट्या क्रमाला पकडतात, तो १९८४ मध्ये उलगडला. आता तो अल्जिनेटला मुद्दाम जोडला जातो. जाळ्याचा कडकपणाही तितकाच महत्त्वाचा आहे. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोलॅजेन या प्रथिनाचा थर दिलेल्या कृत्रिम जेलवर मूळपेशी (ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) वाढवल्या, तेव्हा मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींकडे, मध्यम जेलवर स्नायूंकडे आणि कडक जेलवर हाडाच्या पेशींकडे झुकल्या. पोषक द्रव तोच होता, हे मला फार विलक्षण वाटते.

बांधकाम उभे राहिले की परांची उतरवतात, तसे जेलही नवी ऊती तयार होईल त्या वेगाने विरघळायला हवे. कोलॅजेनला पेशींची विकरे (एन्झाइम) तोडतात. अल्जिनेट तोडणारे विकर मात्र मानवी शरीरात नाही, तिथे कॅल्शियमच्या जागी सोडियम येऊन जाळे हळूहळू सैल होते.

त्यापुढची अडचण प्राणवायूची. केशवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडे बहुतेक पेशी तग धरत नाहीत, त्यामुळे जाड यकृतापेक्षा पातळ त्वचा आणि मुळातच रक्तवाहिन्या नसलेली कूर्चा यांत हे तंत्र अधिक पुढे गेले आहे.