जुन्या स्पीडबोटीचा तळ आणि सांगाडा: काम देण्यापूर्वी हे वाचा

जुनी वेगवान बोट घेऊन येणारे बहुतेक ग्राहक आधी रंगाचे विचारतात. रंग अगदी शेवटी येतो. त्याच्या आधीचे काम तुम्हाला पुन्हा कधीच दिसणार नाही, आणि वेळ व पैसा मुख्यतः तिथेच जातो. हे पत्रक त्या कामाबद्दल आहे.

"फायबरची बोट कुजत नाही" हे खरे आहे, पण अर्धेच. फायबर कुजत नाही, त्याच्या पोटातले लाकूड कुजते. जुन्या बोटींमध्ये तळाला लांबीच्या दिशेने आधार देणारे स्ट्रिंगर आणि इंजिन पेलणारी मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, बहुधा प्लायवूडवर फायबर चढवून केलेले असतात. शिडीचा एखादा सीलबंद न केलेला स्क्रू किंवा पाणी वाहण्यासाठी स्ट्रिंगरमध्ये पाडलेले उघडे भोक पुरते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. वरून चकचकीत दिसणाऱ्या ट्रान्समचा नमुना काढावा, तर आतले प्लायवूड काळे पडलेले, आंबूस वासाचे, दोन बोटांत चुरगळणारे निघते.

तपासणी आणि अंदाजपत्रक

आम्ही आधी हातोडीने ठोकत जातो. घट्ट जागा खणखणीत वाजते, सुटलेली जागा फुटक्या मडक्यासारखी बद्द. ओलावा मोजणारे यंत्रही वापरतो, पण आत धातू असला की ते फसवते. म्हणून संशय आला तिथे आतल्या बाजूने बारीक भोक पाडून ड्रिलला लागलेला कीस पाहतो: कोरडा आणि फिकट असेल तर ठीक, काळा आणि ओला असेल तर तिथे उघडावेच लागते. आऊटबोर्ड, म्हणजे ट्रान्समवर बाहेरून टांगलेले, इंजिन असेल तर एक चाचणी तुम्हीच करा. इंजिन थोडे वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर भार द्या आणि ट्रान्सम लवतो का बघा.

फ्लोअर उघडल्याशिवाय आम्ही पक्की रक्कम सांगत नाही. पहिला आकडा उघडण्यापुरता, दुसरा आतले पाहिल्यावर. पहिल्याच दिवशी पक्का आकडा हवा असेल, तर आमचे जमणार नाही.

आकार बिघडला तर सगळे बिघडले

१९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीत रे हंट यांनी आखलेली ‘मॉपी’ ही बोट खवळलेल्या समुद्रात पहिली आली, आणि खोल व्ही आकाराच्या तळाची ख्याती झाली. तिचा तळ मागपर्यंत सुमारे २४ अंशांच्या उताराचा होता. अशा बोटीची लाट कापायची ताकद तळाच्या आकारात असते. वेगात धावताना ती शेवटच्या दीड-दोन मीटरवरच टेकलेली असते. तिथे तळाला खळ पडला, तर नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, खाली दबते. फुगवटा आला, तर बोट घोड्यासारखी उसळत राहते. थोड्या मिलिमीटरचा फरकही वेगात जाणवतो.

स्ट्रिंगर काढले की उरते ते नुसते लवचीक कवच. म्हणून कापाकापीपूर्वी तळाच्या मापाची घोडी, म्हणजे आधाराची चौकट, बनवून बोट तिच्यावर बसवतो, दोऱ्या ताणतो, सरळ पट्टी लावून मापे लिहून ठेवतो, आणि एका वेळी एकच स्ट्रिंगर बदलतो. आमच्याकडे आलेल्या एका बोटीचे सगळे स्ट्रिंगर आधीच्या दुरुस्तीत ट्रेलरवरच एकदम कापले होते. ट्रेलरचे आधार ट्रान्समच्या अलीकडेच संपत होते आणि मागचे वजन अधांतरी लोंबत होते. तळाला खळ पडला तो तसाच पक्का झाला. थ्रॉटल उघडला की नाळ पाण्यात रुतायची. ते सरळ करायला नव्या सांगाड्याहून जास्त श्रम पडले.

साहित्य

जुन्या फायबरवर आम्ही इपॉक्सी रेझिन वापरतो. वाळलेल्या थराला ते पॉलिएस्टर रेझिनपेक्षा चांगले धरते. तळाला भगदाड असेल तर कडा जाडीच्या बारापट लांबीपर्यंत उतरत्या घासतो. ८ मिमी जाडीला जवळपास १० सेंमी. छोट्या छिद्राभोवती एवढे मोठे वर्तुळ का घासले, असे विचाराल, म्हणून आधीच सांगतो. आडव्या भिंती तळावर थेट टेकवत नाही. मध्ये फोमची पट्टी ठेवतो, नाहीतर तिथे कठीण रेघ तयार होऊन कवच तडकते.

"लाकूड नकोच, सगळीकडे फोम घाला" अशी मागणी येते. स्ट्रिंगरमध्ये चालेल, कारण तिथे ताकद फायबरची असते, फोम फक्त साच्यापुरता. ट्रान्सममध्ये मात्र साधा फोम इंजिनच्या बोल्टखाली चेपतो. तिथे जास्त घनतेचा बोर्ड किंवा बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाच्या दर्जाचे मरीन प्लायवूडच हवे. नीट बंद केलेल्या प्लायवूडला आमचा विरोध नाही.

काम सुरू करताना आणि संपल्यावर बोटीचे वजन करतो. फ्लोअरखालचा भिजलेला जुना फोम निघाला की प्रत्येक लिटर पाण्यामागे एक किलो उतरतो. जास्तीचे थर चढवून तेच वजन परत घालायचे नाही.

बोट घरी नेल्यावर

नवे उपकरण बसवायचे झाले तर तळाला किंवा ट्रान्समला थेट स्क्रू मारू नका. भोक मोठे पाडा, इपॉक्सीने भरा, घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध बारीक भोक पाडून सीलंटसह स्क्रू बसवा. जमत नसेल तर बोट घेऊन या.