स्वास्थ्यमापन, सार्वजनिक आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांचे

सरकारी रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे येथील कर्मचाऱ्यांचा कामातून येणारा थकवा, मनःस्थिती आणि समाधान प्रश्नावलीद्वारे आजमावण्याची पद्धत. बेळगाव सीमाभागात तिची व्याप्ती बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न जिल्हा रुग्णालयापासून खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्याच्या उपकेंद्रांपर्यंत जाते.

या मापनामागील ‘बर्नआउट’ (कामाच्या ताणातून येणारी पुरती दमछाक) या संकल्पनेचा उगम बहुधा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या १९७४ च्या लेखात मानला जातो. मोफत दवाखान्यातील स्वयंसेवकांची दमछाक हा त्यांच्या निरीक्षणाचा विषय होता. मात्र हॅरॉल्ड ब्रॅडली यांनी १९६९ मध्येच तरुण गुन्हेगारांसोबत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसंदर्भात ही संज्ञा वापरलेली आढळते. संज्ञा ब्रॅडलींची व विवेचन फ्रॉइडेनबर्गर यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. क्रिस्टिना मॅसलॅक व सुझन जॅक्सन यांच्या १९८१ च्या प्रश्नावलीने तिला मोजपट्टी दिली. तीत २२ विधाने असून भावनिक थकवा, रुग्णांविषयी येणारा कोरडेपणा आणि कर्तृत्वभावनेतील घट यांचे गुण स्वतंत्रपणे काढतात. तिन्हींची बेरीज करणे गैर ठरते. ही पट्टी जे मोजते तेच बर्नआउट, अशी चक्राकार व्याख्या रूढ झाल्याचा आक्षेप डॅनिश संशोधक टागे क्रिस्टेन्सन यांनी घेतला. त्यांच्या २००५ च्या कोपनहेगन प्रश्नावलीत १९ प्रश्न असून भर सरळ थकव्यावर आहे. विनामूल्य असल्याने सरकारी यंत्रणेला ती अधिक सोयीची. कोरडेपणा मात्र मॅसलॅक पट्टीच नेमका टिपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात बर्नआउट हा आजार नसून कामाशी निगडित स्थिती मानली आहे.

त्याच संघटनेच्या पाच विधानांच्या स्वास्थ्य-निर्देशांकात (१९९८) मागील दोन आठवड्यांविषयी विचारतात. गुणांच्या बेरजेला चारने गुणून शंभरपैकी अंक काढतात. तो ५० किंवा कमी आल्यास पुढील चौकशी इष्ट.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत २००३ पासून दरवर्षी कर्मचारी-सर्वेक्षण होते. भारतात राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांत (२०१३) रुग्णांबरोबर कर्मचाऱ्यांचे समाधानही तपासणे अपेक्षित आहे. साधारण हजार लोकवस्तीमागे एक नेमली जाणारी आशा कार्यकर्ती मात्र मानसेवी स्वयंसेविका गणली जाते; हजेरीपटावर नाव नसल्याने ती या पाहणीत येईलच असे नाही. घरभेटी, लसीकरणासाठी बालकांना आणणे आणि गरोदर बाईला दवाखान्यात पोहोचवणे ही कामे तीच करते. तिला वगळून काढलेली सरासरी अपुरीच म्हटली पाहिजे. स्वयंसेवकांच्या थकव्यावरूनच ही संकल्पना आकाराला आली, हेही येथे ध्यानात घ्यावे.

सीमाभागात कार्यालयीन कामकाज कन्नडमध्ये चालते. खानापूर, बेळगाव व निपाणी तालुक्यांतील मराठी भाषक आशा व परिचारिकांना प्रश्नावली मराठीत मिळणे आवश्यक आहे. वरिष्ठांनी ती वाचून समजावल्यास उत्तर मोकळे राहत नाही. गोपनीयतेची अडचण याहून मोठी. उपकेंद्रात एकच आरोग्य सेविका असेल, तर नाव गाळूनही पदनामावरून ती ओळखू येते. त्यामुळे निष्कर्ष केंद्रनिहाय न मांडता तालुक्याच्या पातळीवर एकत्र करणे आणि पदनामाचा रकाना शक्य तेथे गाळणे श्रेयस्कर.